उणे एकोणीस

तुर्दाकुन आजोबांनी संगणक घोंगडीत गुंडाळून आणला,
लाकडी घसरगाडीवरून, मागून नात ढकलत.
"चालू होतो," ते म्हणाले, "पण दिसत काही नाही."
आणि टोपी न काढताच स्टुलावर बसले.

मी लगेच बटण दाबत नाही.
नारीनच्या थंडीतून आत आलेल्या यंत्राला घाम फुटतो,
आपल्या चष्म्यावर धरतं तसं धुकं
पत्र्याच्या आत धरतं.
तासभर बसू दे त्याला, शेगडीपासून चार हात लांब.
तोवर चहा. केरेमेतला जर्दाळूचा मुरंबा.

मग बटण.
हिरवा दिवा लागला, पंखा फिरला,
आत तबकडी घरघरली.
पडदा काळा.
"सिग्नल नाही" एवढं बोलून तोही झोपला.

पडदा माझ्या लॅपटॉपला जोडला, उजळला. म्हणजे तो निर्दोष.
केबल बदलली. तेच.
निम्मे लोक केबल भलत्याच भोकात खुपसतात,
कार्ड खाली बिचारं रिकामं वाट पाहत असतं.
आजोबांनी बरोबर लावली होती.
हवामान केंद्रावर अडतीस वर्षं काढलेला माणूस.

"काय आहे यात?"
"तापमान. रोज तीनदा.
ती वहीतून वाचायची, मी दोन बोटांनी टाइप करायचो."
"आणि वह्या?"
"केंद्र बंद झालं त्या हिवाळ्यात
चौकीदारानं चुलीत घातल्या. त्याला तरी काय म्हणणार,
उणे एकतीस होतं."

आकडे कुठे जात नाहीत, मी म्हटलं,
तबकडी वेगळी, पडदा वेगळा.
डोळे मिटले म्हणून माणूस विसरतो का?
ते काही बोलले नाहीत.
बोलायला नको होतं ते बोलले बहुतेक.

लोकरीच्या स्वेटरची ठिणगी उडते इथे, म्हणून
वायर काढून, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात टेकवून
झाकण काढलं. धूळ, आणि एक वाळलेली माशी.
भंगारातला चिमुकला स्पीकर दोन सुयांवर बसवला,
वायर पुन्हा लावली, पुन्हा बटण:
लांब शिट्टी. लांब शिट्टी. लांब.
"ओरडतोय," केरेमेत म्हणाली.
"सांगतोय," मी म्हटलं. "मेमरी सापडत नाही म्हणतोय."

तिच्या दप्तरातलं खोडरबर मागितलं.
बदकाचं, चोच चावून संपलेली.
मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात हलक्या हातानं घासले,
काळं निघालं, बदकाचं पोट मळलं.
पहिली पट्टी, पहिली खाच: काळं.
दुसरी पट्टी, पहिली खाच: काळंच.
मी मनातल्या मनात शिवी दिली, आजोबांना ऐकू गेली असावी.
पहिली पट्टी, दुसरी खाच.

एक आखूड शिट्टी.
आणि काळ्यावर पांढरी अक्षरं:
घड्याळ चुकलं आहे.
एक जानेवारी दोन हजार नऊ, शून्य वाजून शून्य मिनिटं.

बटणाएवढी बॅटरी मेलीय, ऐंशी सोम, मी सांगत होते.
आजोबांनी टोपी काढली. पुढे वाकले.
"नऊ साली..." आणि थांबले.
कळीवरचं माझं बोट मी उचललं.
शेगडीत कोळसा खचला.
मला घाई नव्हती.

"चुकीच्या तारखेखाली नोंद होत नसते," ते शेवटी म्हणाले,
स्वतःच स्टूल ओढलं,
दोन बोटांनी आजचा दिवस, महिना, साल.
शेवटचा आकडा दोनदा तपासला.
मग खिडकीकडे न बघता:
"केरेमेत, बाहेर किती?"

ती धावली, काचेला नाक लावलं.
"उणे एकोणीस!"
"टाचा उचल. डोळा पाऱ्याच्या रेषेत धर. परत वाच."
ती चवड्यांवर उभी राहिली, बराच वेळ.
"उणे एकोणीस... आणि थोडं."

त्यांची बोटं कळांवर थबकली होती.
"थोडं म्हणजे किती?"